पाणी, अमोनिया आणि एका प्रोटॉनची देवाणघेवाण

एप्रिल महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकू लागला की आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात एक अलिखित नियम लागू होत असे. लिकर अमोनियाची, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या अमोनिया वायूची, बाटली दुपारी कोणीही उघडायची नाही, आणि सकाळी उघडायची झाली तरी आधी अर्धा तास बर्फाच्या घमेल्यात ठेवूनच. नव्या प्रयोगशाळा साहाय्यकाला हा नियम पहिल्याच आठवड्यात सांगितला जाई. मी स्वतः मात्र त्यामागचा हिशेब नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर एका रिकाम्या तासाला कागदावर मांडला, आणि त्या हिशेबाने मला जे दाखवले त्याचा पिच्छा मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही.

वजनाने २५ टक्के अमोनिया असलेले द्रावण साधारण ३८ अंश सेल्सिअसला उकळू लागते. खिडकीजवळच्या फळीवरची ती बाटली आमच्या उन्हाळ्यात खरोखरच उकळीच्या उंबरठ्यावर उभी असते, आणि बूच सैल होताच वायू फसफसून बाहेर येतो. इतपत पाठ्यपुस्तकातही मिळते. पुढचा भाग अधिक रंजक आहे. या द्रावणात दर १०० रेणूंमागे सुमारे २६ रेणू अमोनियाचे असतात. शुद्ध द्रव अमोनियाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वाफेचा बंद भांड्यातला दाब, ३८ अंशांना साडेचौदा बारच्या आसपास असतो (१ बार म्हणजे जवळपास वातावरणाचा नेहमीचा दाब). तेव्हा राउल्टच्या नियमाप्रमाणे, म्हणजे प्रत्येक घटक आपल्या रेणूंच्या प्रमाणातच दाब देतो असे धरले तर, बाटलीत पावणेचार बारांचा दाब असायला हवा. प्रत्यक्षात तो १ बार, म्हणजे अपेक्षेच्या जेमतेम चौथा हिस्सा असतो. उरलेला तीन चतुर्थांश दाब पाण्याने धरून ठेवलेला असतो.

हे धरून ठेवणे दोन पातळ्यांवर चालते. बहुतेक अमोनिया रेणू पाण्याशी हायड्रोजन बंधाने बांधलेले असतात. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन अमोनियाच्या नायट्रोजनकडे झुकतो, पण आपल्या ऑक्सिजनला सोडत नाही. फारच थोड्या ठिकाणी तो खरोखर घर बदलतो. आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघालेला हा हायड्रोजन, म्हणजेच प्रोटॉन, पाण्याकडून अमोनियाकडे जातो, आणि एका बाजूला अमोनियम आयन व दुसऱ्या बाजूला हायड्रॉक्साइड आयन तयार होतो. लिटरमागे १७ ग्रॅम अमोनिया असलेल्या द्रावणात अशी देवाणघेवाण दर हजार रेणूंत सुमारे चारच रेणूंच्या बाबतीत घडते, आणि आमच्या बाटलीइतक्या घट्ट द्रावणात ढोबळमानाने हजारात एका रेणूच्या. विद्यार्थ्यांना अमोनियाला 'सौम्य आम्लारी' म्हणून शिकवताना आम्ही हाच आकडा सांगत असू. तो अढळ असल्याच्या थाटात मी तो शिकवला, याची आज थोडी खंत वाटते, कारण हा आकडा दाब आणि तापमान यांच्या हातातले खेळणे आहे.

हे सगळे पुन्हा डोक्यात घोळू लागण्याचे कारण माझा पुतण्या. तो तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये प्लांट ऑपरेटर आहे. मागच्या हंगामात, बेदाण्याच्या पेट्यांनी खोल्या भरत आल्या असताना, त्याचा रात्री फोन आला. "काका, सक्शन नेहमीसारखं अडीच किलोला ठेवलंय, तरी खोली उतरत नाही. सव्वादोनला ओढलं की मग उतरते. गॅस कमी नाही, तेलही काढून झालं. काय असंल?" ऑपरेटर मंडळी अमोनियाला नुसते 'गॅस' म्हणतात आणि दाब किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे किलोत सांगतात. सक्शन म्हणजे खोली गार करणाऱ्या कॉइलमधून कॉम्प्रेसरकडे ओढल्या जाणाऱ्या गॅसचा दाब, आणि खोली उतरणे म्हणजे तिचे तापमान उतरणे. मी त्याला विचारले की हल्ली लाइनचे काही काम झाले होते का. झाले होते, एक जुनी कॉइल बदलून, पाण्याने दाबचाचणी घेऊन ती परत जोडली होती, आणि कंत्राटदाराने ती पुरेशी वाळवली नसावी असा त्याचा कयास होता.

कॉइलमध्ये पाणी राहिले होते. हे मिश्रणाचे दुसरे टोक. इथे अमोनिया भरपूर आणि पाणी थोडे. या टोकाला अमोनियापुरता राउल्टचा नियम बऱ्यापैकी चालतो, म्हणून हिशेब सोपा होतो. वातावरणाचा दाब मिळवला तर अडीच किलो म्हणजे सुमारे ३.४ बार, आणि या दाबाला शुद्ध अमोनिया उणे ५ अंशांच्या आसपास उकळतो. तेच तापमान गाठण्यासाठी दाब ३.१५ बारापर्यंत खाली आणावा लागत असेल, तर द्रवातल्या दर १०० रेणूंपैकी सातेक रेणू पाण्याचे असले पाहिजेत. शिवाय हे पाणी अमोनियाबरोबर उकळून कॉम्प्रेसरकडे जात नाही. ते खालच्या दाबाच्या भागातच साचत राहते, त्यामुळे संपूर्ण यंत्रणेत थोडेच असलेले पाणी नेमके जिथे गारवा निर्माण व्हायचा तिथे गोळा होते. पुतण्याने दुसऱ्या दिवशी तो द्रव थोडा थोडा वेगळ्या भांड्यात घेऊन गरम केला, अमोनिया सक्शनला परत जाऊ दिला आणि तळाशी उरलेले पाणी काढून टाकले. तीन दिवसांत सक्शन पूर्ववत झाले.

गंमत अशी की जे पाणी गारव्याला नडते तेच पोलादाला हवे असते. पूर्ण कोरडा अमोनिया ताणाखाली असलेल्या पोलादात बारीक तडे पाडू शकतो, आणि म्हणून तो साठवणाऱ्या व वाहून नेणाऱ्या पोलादी टाक्यांत मुद्दाम किमान ०.२ टक्के पाणी ठेवण्याची पद्धत आहे. तांबे-पितळेचे मात्र याच्या उलट. ओलसर अमोनिया त्यांना खातो, म्हणून पुतण्याच्या प्लांटमध्ये तांब्याची एकही नळी दिसत नाही.

पाण्याने अमोनियाला धरावे आणि उष्णतेने ती पकड सोडवावी, एवढ्यावरच थंडी निर्माण करणारे यंत्र फर्डिनांड कारे या फ्रेंच अभियंत्याने १८५९ साली उभे केले. त्यात कॉम्प्रेसर नाही. थंड कक्षातून आलेला अमोनिया वायू गार पाण्यात विरघळवायचा. ते घट्ट द्रावण पंपाने वरच्या दाबाला ढकलायचे. तिथे ते सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवून अमोनिया बाहेर काढायचा, आणि तो कंडेन्सरमध्ये द्रवरूप करून पुन्हा थंड कक्षाकडे पाठवायचा. वायू दाबण्यापेक्षा द्रव ढकलायला नगण्य ऊर्जा लागते. मोठा खर्च तापवण्याचा, आणि ती उष्णता टाकाऊ वाफेचीही चालते. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजच्या भिंती एकाच रस्त्यावरून दिसतात, तेव्हा हा विचार माझ्या मनात दरवेळी येऊन जातो. गाळपाचा हंगाम आणि बेदाणा साठवण्याचे महिने नीट जुळत नाहीत हे मला कळते, तरीही येतो.

या यंत्रातली खरी डोकेदुखी जिथे द्रावण तापते त्या भांड्यात, जनरेटरमध्ये असते. पंधराएक बार दाबाखाली द्रावण तापवल्यावर नुसता अमोनिया बाहेर पडत नाही. त्याच्याबरोबर पाण्याची वाफही निघते, आणि ती पुढे गेली तर पुतण्याला आलेली अडचण कायमचीच होऊन बसते. म्हणून वाफेला वर चढताना थंड होत जाणाऱ्या थरांतून नेऊन तिच्यातले पाणी गाळून परत खाली पाडावे लागते. या मिश्रणाला स्वतःचा असा एक उत्कलनबिंदू नाही. अल्कोहोल आणि पाणी एका ठरावीक प्रमाणाला एकत्रच उकळतात आणि तिथे ऊर्ध्वपातन अडते. अमोनिया आणि पाणी यांच्यात असे अडणारे प्रमाण नाही. द्रावण एका तापमानाला उकळायला लागते, अमोनिया आधी निघून जातो, मागे उरलेला द्रव अधिकाधिक पाणचट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो.

या चढत्या उकळीचाच उपयोग करून घेण्याची कल्पना अलेक्झांडर कालिना या अभियंत्याने १९८० च्या दशकात मांडली. ३० बार दाबाला शुद्ध पाणी २३४ अंशांना उकळते आणि शुद्ध अमोनिया ६६ अंशांच्या आसपास. नुसत्या पाण्याचे बॉयलर चालवले तर तापवणारा गरम प्रवाह गार होत जातो आणि पाणी मात्र एकाच तापमानाला अडून राहते. दोघांतले अंतर कुठे फार मोठे तर कुठे फार लहान होते, आणि त्या अंतरातच उपयुक्त ऊर्जा वाया जाते. मिश्रणाचे तापमान उकळतानाही चढत असल्यामुळे ते गरम प्रवाहाच्या पावलावर पाऊल टाकत जाते. आइसलंडमधील हुसाविक येथे २००० साली अशा पद्धतीचे सुमारे २ मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले, ज्याला उष्णता पुरवणारे भूगर्भातले पाणी जेमतेम सव्वाशे अंशांचे होते. कल्पना सुंदर असूनही ती फारशी पसरली नाही. माझ्या मते याचे कारण साधे आहे. मिश्रणाचे प्रमाण सतत सांभाळावे लागते, आणि साधे पाणी कोणाकडून असे लाड करून घेत नाही.

दाब आणि तापमान आणखी वाढवत नेले तर उकळणे ही क्रियाच संपते. शुद्ध अमोनियाचा क्रांतिक बिंदू १३२ अंश आणि सुमारे ११३ बार. पाण्याचा ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार. या बिंदूच्या पुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही. मिश्रणाच्या बाबतीत या दोन बिंदूंना जोडणारी एक सलग रेषा असते आणि प्रत्येक प्रमाणाचा स्वतःचा क्रांतिक बिंदू त्या रेषेवर कुठेतरी बसतो. रेषा कुठेही तुटत नाही, यावरूनही दोघांचे किती जमते ते कळते. पाणी आणि मिथेन यांची रेषा अशी सलग नाही. त्या रेषेच्या पलीकडे पाणी आणि अमोनिया कोणत्याही प्रमाणात एकाच दाट, एकजिनसी प्रवाहीत नांदतात. लोखंडी भांड्याची मात्र तिथे कसोटी लागते. ५०० अंशांच्या आसपास तप्त पोलादाच्या पृष्ठभागावर अमोनिया फुटतो आणि त्यातला नायट्रोजन पोलादात शिरतो. कारखान्यांत गिअर कठीण करण्यासाठी जी नायट्रायडिंगची प्रक्रिया करतात ती हीच, पण दाबाखालच्या नळीत ती आपोआप घडू लागली तर नळी ठिसूळ होते.

आता पुन्हा त्या हजारात एका प्रोटॉनकडे वळतो. माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तिथे आहे.

उष्णता या देवाणघेवाणीच्या विरुद्ध काम करते. पाण्याचा परावैद्युतांक, म्हणजे विरुद्ध प्रभारांना एकमेकांपासून सुटे ठेवण्याची त्याची क्षमता, २५ अंशांना ७८ असतो. क्रांतिक बिंदूपाशी तो सहाच्या आसपास उतरतो. अशा पाण्यात अमोनियम आणि हायड्रॉक्साइड हे आयन वेगळे राहू शकत नाहीत, आणि प्रोटॉन मुकाट्याने पाण्याकडे परत जातो. औष्णिक वीजकेंद्रांत याचा रोजचा अनुभव येतो. तिथे बॉयलरच्या पाण्याची आम्लारिता टिकवण्यासाठी अमोनिया मिसळतात, आणि थंड नमुन्यात सामू नऊच्या वर छान दिसतो. पण तापलेल्या नळीत अमोनिया कितीतरी दुबळा आम्लारी झालेला असतो, आणि जिथे वाफ आणि पाणी एकत्र असतात तिथे तो पाणी सोडून वाफेत पळतो. नळीच्या भिंतीला चिकटलेला पाण्याचा पातळ थर त्यामुळे उघडा पडतो, आणि नेमक्या अशाच जागी लोखंड झिजते.

दाब नेमका उलट बाजूने ओढतो. आयन तयार झाला की त्याच्या प्रभाराभोवती पाण्याचे रेणू घट्ट दाटीने गोळा होतात, आणि म्हणून या देवाणघेवाणीत एकूण आकारमान घटते, मोलमागे सुमारे २८ घन सेंटिमीटर इतके. दाबाखालची कोणतीही गोष्ट कमी जागा व्यापणाऱ्या अवस्थेकडे झुकते. हिशेब केला तर १००० बार दाबाला या आयनीभवनाचा स्थिरांक, म्हणजे देवाणघेवाणीचा कल किती हे सांगणारा आकडा, जवळपास तिप्पट होतो. मारियाना गर्तेच्या तळाशी असलेला दाब याहून थोडाच जास्त आहे. म्हणजे उष्णतेला हात न लावता, नुसत्या समुद्राच्या वजनाने अमोनिया तिप्पट 'प्रबळ' होतो. वर्गात मी 'सौम्य' हा शब्द उच्चारत होतो, तेव्हा त्याला 'एका वातावरणाच्या दाबाखाली' ही पुस्ती जोडायला हवी होती.

ही ओढ टोकाला नेण्यासाठी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये मिश्रणाचा कणभर नमुना दाबतात. हिरा पारदर्शक असल्यामुळे दाबलेल्या नमुन्यातून प्रकाश आणि क्ष-किरण आरपार पाठवता येतात. पाण्याचा एक आणि अमोनियाचा एक रेणू असे समप्रमाण घेऊन, नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच ७ गिगापास्कलच्या वर, म्हणजे ७०,००० बारांच्या पुढे गेले की त्या घन पदार्थातले हायड्रोजन बंधांचे नाजूक जाळे मोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन एका साध्या घनाकृती रचनेत वाटेल तसे, जागा न ठरवता बसतात, आणि पाण्याचे बरेचसे रेणू आपला प्रोटॉन अमोनियाला देऊन टाकतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ही देवाणघेवाण पूर्णत्वाला जात नाही. जागा आधीच वाटेल तशा ठरून गेल्यामुळे काही पाण्याच्या रेणूंच्या शेजारी घेणारा अमोनियाच उरत नाही. लग्नाच्या पंगतीत पाने मांडून झाली आणि वाढपी एकाच बाजूला अडकला, तशातला हा प्रकार.

त्याच वर्षी गणिताने आणखी एक भाकीत समोर आले. दोन अमोनियामागे एक पाणी असे मिश्रण ६५ गिगापास्कलच्या आसपास दाबले, तर दोन्ही अमोनिया मिळून पाण्याचे दोन्ही प्रोटॉन काढून घेतात. मागे उरतो तो नुसता दुहेरी ऋण प्रभाराचा ऑक्सिजन, आणि त्याच्याभोवती दोन अमोनियम. ज्या पाण्याने आमच्या बाटलीत अमोनियाला मुठीत ठेवले होते, त्याच पाण्याला इथे अमोनियाने पार नागवलेले असते.

युरेनस आणि नेपच्यून या ग्रहांच्या पोटात दाब आणि तापमान ही दोन्ही टोके एकत्र येतात. त्यांच्या वरच्या वायूंच्या थराखाली पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा प्रचंड साठा असावा असे मानले जाते. त्याला 'बर्फ' म्हणण्याची खगोलशास्त्रज्ञांची रीत आहे, पण ते हजारो अंश तापलेले आणि लाखो बारांखाली दबलेले असते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अमेरिकी शास्त्रज्ञांनी पाणी, अमोनिया आणि कार्बनसाठी आयसोप्रोपेनॉल असे मिश्रण बनवून त्याला 'कृत्रिम युरेनस' असे नाव दिले, आणि वायूच्या दाबाने चालणाऱ्या तोफेतून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने सुटलेला गोळा त्याच्यावर आदळवला. क्षणापुरता दाब ७५ गिगापास्कलपर्यंत गेला, आणि त्या क्षणात मिश्रण वीजवाहक झाल्याचे मोजले गेले. वीज वाहून नेत होते ते इलेक्ट्रॉन नव्हेत, तर प्रामुख्याने मोकळे झालेले प्रोटॉन.

त्याहून खोल काय घडत असावे याचे उत्तर १९९९ साली संगणकी गणिताने दिले. पुरेशा दाबाखाली आणि तापमानाला ऑक्सिजन किंवा नायट्रोजन स्फटिकासारखे आपापल्या जागी खिळून राहतात, आणि हायड्रोजनचे प्रोटॉन त्यांच्यामधून द्रवासारखे वाहतात. या अवस्थेला अतिआयनिक म्हणतात. पाण्याच्या बाबतीत याचा प्रायोगिक पुरावा अमेरिकेतील रॉचेस्टर येथील लेझर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांतून २०१८ साली मिळाला, आणि पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी ऑक्सिजनची जागच्या जागी खिळलेली मांडणीही दिसली. हा बर्फ १९० गिगापास्कलला पाच हजार केल्व्हिनच्या आसपास वितळतो. पाणी आणि अमोनिया यांच्या समप्रमाणातल्या मिश्रणालाही अशी अवस्था असल्याचे गणित २०१५ साली मांडले गेले आहे. तिथे प्रोटॉन कोणाचा हा प्रश्नच निकालात निघतो. उष्णता त्याला पाण्याकडे ओढते, दाब अमोनियाकडे, आणि शेवटी तो कोणाचाच राहत नाही.

व्हॉयेजर २ या यानाने जानेवारी १९८६ मध्ये युरेनसचे आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनचे चुंबकीय क्षेत्र मोजले, तेव्हा दोन्ही क्षेत्रे ग्रहाच्या आसापासून विलक्षण कललेली निघाली. युरेनसचे जवळपास ५९ अंशांनी आणि नेपच्यूनचे ४७ अंशांनी. पृथ्वीचे क्षेत्र सुमारे दहाच अंश कलते. याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण असे, की या ग्रहांचे चुंबकत्व खोल गाभ्यात नव्हे, तर वरच्या एका पातळ थरात, मोकळ्या आयनांच्या घुसळणाऱ्या प्रवाहात तयार होते, आणि त्याच्या खालचा भाग घुसळण्यात भाग घेत नाही. हा खालचा भाग अतिआयनिक असावा, या विचाराकडे मीही झुकतो, कारण घन जाळीत प्रोटॉन कितीही वाहिले तरी जाळी स्वतः ढवळली जात नाही.

हे सगळे मी पुतण्याला एका रविवारी, विश्रामबागेतल्या घराच्या ओसरीवर बसून, चहाचे दोन पेले संपेपर्यंत सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. गळती शोधण्यासाठी गंधकाची काडी पेटवून पांढऱ्या धुराची वाट पाहणारा, आणि बहुतेक वेळा काडी पेटवण्याआधीच नाकाने गळती ओळखणारा तो माणूस. त्याने विचारले, "काका, मग तिथं वास येईल का?"

मी थोडा विचार करून सांगितले की वरच्या थरांत, जिथे अमोनिया अजून अमोनिया आहे, तिथे येईल. खाली नाही. नाकाला जो ओळखू येतो तो एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन यांचा अखंड रेणू, आणि त्या खोलीवर तो कुठे सापडणार नाही.